प्रोफेसर तार्दुच्ची यांचा गप्प बसण्याचा वर्ग

प्रोफेसर फुल्वियो तार्दुच्ची यांची या कामासाठी निवड झाली ती त्यांच्या विद्वत्तेमुळे आणि—

छे, कसली निवड आणि कसली विद्वत्ता! गाडीमुळे झाली.

शिक्षकांची सभा चालू होती. शाळेमागच्या गल्लीत मासळीवाल्याची व्हॅन अडकली, आणि अडकली ती प्रोफेसरांनी तिरक्या लावलेल्या गाडीमुळे. मासळीवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो उचललाच नाही. शेवटी प्रोफेसर (इतिहासाचे; रोक्कापियानात शाळामास्तरालाही प्रोफेसरच म्हणतात) "आलोच" म्हणाले आणि खाली गेले. रोक्कापियानाच्या शाळेत सभेतून उठून जाण्याचा अर्थ काल नोकरीला लागलेल्या शिपायालाही ठाऊक असतो. जो खोलीत नाही, पद त्याचं. याच पद्धतीने प्रोफेसर एकदा सहलप्रमुख झाले होते (दातदुखी), आणि धर्म शिकवणारे फादर कालिस्तो नाताळच्या नाटकाचे दिग्दर्शक (अंत्यविधी, दुसऱ्याचा).

ते परत आले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. इतक्या मनापासून टाळ्या त्या खोलीत फक्त सुटी जाहीर झाल्यावर वाजतात.

"अभिनंदन," मुख्याध्यापिका दे सान्तिसबाई म्हणाल्या. "दिव्यांग विद्यार्थ्यांना नेहमीच्या वर्गात सामावून कसं घ्यावं याचं प्रशिक्षण सगळ्या शिक्षकांना द्यायचंय. तुम्ही देणार."

"पण मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर!" गणिताच्या योलांदाबाई म्हणाल्या. "ज्याला कळतं तो—"

"बदली मागतो," दे सान्तिसबाईंनी पुरं केलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. रोक्कापियानात वाक्य ही चौकातल्या कारंज्यासारखी सार्वजनिक मालमत्ता आहे. सुरू कुणीही करतो, संपवतो मात्र भलताच. ज्याचं वाक्य त्यानेच संपवलं तर त्याची प्रकृती बरी नाही असं समजतात.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, ऑर्नेल्लाला, शांतपणे सगळं सांगायचं ठरवलं, पण—

"गाडी कुठे लावली होतीस?" ऑर्नेल्लाने दार उघडतानाच विचारलं. मासळीवाला त्यांच्या आधी पोचला होता.

वरच्या गच्चीतून शेजारचे बालेस्त्रा वाकले. हे निवृत्त मोजणीदार. उभ्या आयुष्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, आता लोकांचे प्रश्न मोजतात.

"प्रोफेसर, प्रशिक्षणाला तीन गोष्टी लागतात. पडद्यावर चित्रं, शहरातून आणलेला एक टकला तज्ज्ञ, आणि पोर्केत्ता."

"पोर्केत्ता कशाला?"

"अहो, बडीशेप आणि लसूण भरून भाजलेलं अख्खं डुक्कर समोर असलं की माणूस कशालाही हो म्हणतो. बांधावरची भांडणं काय नकाशाने मिटवली मी?"

"बालेस्त्रा, हा मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"मग डुक्कर मोठं सांगा."

प्रोफेसरांचा अपमान झाला. तो त्यांनी गिळला, आणि रात्रीच्या जेवणाला आणखी पास्ता मागून घेतला. (डुक्कर त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मोठं.)

प्रशिक्षणात नेमकं काय शिकवावं याचा त्यांनी बराच विचार केला, ग्रंथ चाळले आणि अखेर—

अखेर व्हियोलाला विचारलं.

व्हियोला सेर्पिएरी त्यांच्याच वर्गात होती. वय पंधरा, चाकांची खुर्ची, डोळे तिखट. जन्मापासून तिचे स्नायू तिचं ऐकत नसत आणि जिभेचे तर मुळीच नसत, त्यामुळे तिचा एकेक शब्द दूरच्या खोलीतून उचलून आणल्यासारखा यायचा. यायचा मात्र नेमका. तिच्या शेजारी कोंचेत्ता बसे. अशा मुलांसाठी वर्गात एक जादा शिक्षिका असते आणि ती दर सप्टेंबरात बदलते, यंदाची ही. दूर दक्षिणेतून आलेली, मायाळू, आणि बोलण्यात वाऱ्यासारखी. व्हियोला वाक्य सुरू करी, कोंचेत्ता ते संपवी.

"व्हियोला," प्रोफेसरांनी मधल्या सुटीत विचारलं, "शिक्षकांना काय शिकवायला हवं, तुझ्या मते?"

"त्यांना..."

"सहानुभूती," प्रोफेसर म्हणाले.

व्हियोलाने नकारार्थी मान हलवली. "त्यांना... आधी..."

"फळ्यावर मोठं लिहायला!" कोंचेत्ता म्हणाली.

"तिच्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही. पण मोठं लिहिलेलं केव्हाही बरं."

रेल्वे फाटकाशी गाडी जायची वाट पाहावी तसे व्हियोलाने डोळे मिटले. दोघांचं बोलून झाल्यावर उघडले.

"गप्प... बसायला."

मग तिने एक बोट वर केलं, म्हणजे अजून आहे. "आणि... मला... तोंडी... विचारा. सगळ्यांना... विचारता... तसं."

"अगं, पण तुला ताण—" कोंचेत्ता म्हणाली. बोट वरच होतं.

"मला... नोटरी... व्हायचंय."

आता रोक्कापियानात सर्वांत मोठं घर नोटरीचं आहे. त्याचं काम काय? खरेदीखत मोठ्याने, सावकाश, शब्दन् शब्द वाचून दाखवणं. घेणारा आणि देणारा समोर ताठ बसतात, आणि एरवी बापालाही बोलू न देणारी माणसं त्याच्यापुढे श्वासही जपून घेतात. भरभर वाचणाऱ्या नोटरीवर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रोफेसरांना वाटलं, या मुलीने धंदा अचूक निवडला आहे.

फक्त नोटरीला पदवी लागते, पदवीला शाळेचा दाखला लागतो, आणि दाखल्याचंच घोडं अडलं होतं. नाताळच्या आधी वर्गशिक्षकांची बैठक होती. योलांदाबाईंनी तिथे एक प्रस्ताव ठेवला होता, तोही प्रेमापोटी: व्हियोलाला सोप्या वाटेला घालावं. सोप्या वाटेवर परीक्षा नाहीत, ताण नाही, नापास होणं नाही. आणि शेवटी दाखलाही नाही. "ही मुलगी शाळेत येत होती" असं शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. आईची सही झाली की काम संपलं. आजवर व्हियोलाला कुणी एकदाही मास्तरांच्या टेबलाशी बोलावून तोंडी प्रश्न विचारले नव्हते. बरोबरच्या खुणा करायचा कागद द्यायचे आणि दहापैकी आठ. नेहमी आठ. खुणा चुकल्या तरी आठ.

"विचारू, विचारू," प्रोफेसर म्हणाले. "आधी प्रशिक्षण तर होऊ दे."

एखादी गोष्ट करायची भीती वाटत असेल तर तिच्याविषयी प्रशिक्षण भरवणं हा सुशिक्षित माणसाचा मार्ग आहे.

प्रशिक्षणाची नोंद वरच्या कार्यालयात करणं ही तर केवळ औपचारिकता, त्याला काय—

"तो विषय भरला," फोनवरचे गृहस्थ म्हणाले.

"भरला म्हणजे?"

"जागा संपल्या हो त्या विषयाच्या."

"म्हणजे सामावून घेण्याच्या प्रशिक्षणात आम्हाला सामावून घ्यायला जागा नाही?"

"नाही. पण 'कृषी यंत्रांची सुरक्षितता' अगदी रिकामं आहे. तिथे टाकतो तुम्हाला. आत काय शिकवता ते कोण येतंय बघायला?"

बघायला बोर्दोनी आले. शेतकी खात्याकडून आलेले, डोक्यावर हेल्मेट, हातात नारिंगी जाकिटांचा गठ्ठा, काखेत उलटणाऱ्या ट्रॅक्टरची लाकडी प्रतिकृती. माणूस टकला होता. त्यांना शाळेकडे जाताना गच्चीतून पाहून बालेस्त्रांनी घरातून निघणाऱ्या प्रोफेसरांकडे असा काही कटाक्ष टाकला की विचारू नका.

प्रोफेसरांनी गैरसमज दूर करायचा प्रयत्न केला. बोर्दोनी म्हणाले, "मला सहीशिवाय परत जाता येत नाही, आणि सही संध्याकाळी मिळते. मी मागे बसतो. हा वास कसला येतोय?"

वर्ग ग्रंथालयात भरला. नियम अगदी सोपा होता: एकाने सावकाश बोलायचं आणि बाकीच्यांनी—

"गप्प बसायचं?" योलांदाबाई म्हणाल्या. "एवढंच? हे काय, मी चुटकीसरशी—"

"फादर कालिस्तो, तुम्ही सुरू करा," प्रोफेसर म्हणाले.

फादर कालिस्तो उभे राहिले. "काल... संध्याकाळी... मी..."

"पडलात!" योलांदाबाई.

"नाही, मी... बाजारातून..."

"लिंबं आणलीत!" व्यायामाचे सर.

"नाही हो, मी..."

"कुणीही मध्ये बोलायचं नाही!" प्रोफेसर गरजले, आणि खोलीत शांतता पसरली, कारण फादर कालिस्तोंना मध्ये तोडलं होतं ते आता खुद्द प्रशिक्षकांनी. दे सान्तिसबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. प्रोफेसरांचे कान लाल झाले.

दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी ओठ मिटले. घट्ट. प्रोफेसरांना क्षणभर आपण काहीतरी थोर केल्यासारखं वाटलं. फादर कालिस्तो म्हणाले, "काल... संध्याकाळी..." आणि योलांदाबाईंच्या उजव्या हाताची पाचही बोटं टोकाशी जुळली, वर वळली आणि हलू लागली: म्हणजे, अहो, पण म्हणायचंय काय तुम्हाला? व्यायामाच्या सरांनी हनुवटीखालून बोटं झटकली: मला काय त्याचं. दे सान्तिसबाईंनी गालात बोट फिरवलं: पोर्केत्ता फक्कड झालेली दिसतेय. त्यावर योलांदाबाईंचं उत्तर, त्यावर इंग्रजीच्या बाईंचा आक्षेप, त्यावर दोन्ही हातांनी खुलासा. तोंडं सगळी बंद होती आणि ग्रंथालयात कान किटतील असा कोलाहल चालला होता.

"हातांवर बसा!" प्रोफेसर ओरडले. "सगळ्यांनी. आपापल्या हातांवर!"

"याला माझी हरकत आहे," मागून बोर्दोनी उठले. "ट्रॅक्टर उलटला तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत."

"इथे ट्रॅक्टर नाही!"

"असं सगळेच म्हणतात."

शेवटी बसले एकदाचे. बोर्दोनीही बसले. हात गेल्यावर भुवया बोलू लागल्या, पण भुवयांचा आवाज कमी. आणि मग, ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते झालं. फादर कालिस्तोंना कुणी अडवेना, तर त्यांना आपण काय सांगत होतो तेच आठवेना. आयुष्यात प्रथमच त्यांचं वाक्य त्यांच्या एकट्याच्या पदरात पडलं होतं. त्यांनी इकडेतिकडे मदतीसाठी पाहिलं. कुणी हललं नाही. "काल संध्याकाळी," ते हळूच म्हणाले, "मला फार एकटं वाटलं," आणि स्वतःच दचकून खाली बसले.

 पोर्केत्ता आली म्हणून बरं.

खाताना योलांदाबाई प्रोफेसरांना कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "चांगलं होतं हो. पण त्या पोरीला बोलताना पाहिलं की माझा जीव गलबलतो. नको तो त्रास. घाला तिला सोप्या वाटेला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात डुकराचा कान.

सगळ्यांना घरी सराव करायला सांगितला होता. प्रशिक्षक या नात्याने प्रोफेसरांनी स्वतः आदर्श घालून द्यायचं ठरवलं आणि—

आणि गावात बातमी पसरली की प्रोफेसर तार्दुच्चींना झटका आला.

सुरुवात घरातून झाली. ऑर्नेल्ला बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या फरशीबद्दल सांगत होती. एरवी प्रोफेसर तिसऱ्या शब्दाला "किती पडले?" असं विचारून विषय संपवत. आज ते समोर बसून तिच्याकडे प्रेमाने बघत राहिले. ऑर्नेल्लाच्या वाक्यांना ब्रेक नसतो; ब्रेक नेहमी नवऱ्याच्या बाजूला असे. फरशीवरून ती बहिणीच्या नवऱ्यावर गेली, तिथून त्याच्या गाडीवर, तिथून यांच्या गाडीवर, आणि कुणीच थांबवेना तेव्हा उतारावरून घसरत थेट इथवर आली की सगळे समजतात तसं यांच्या गाडीचं मागचं दार मासळीवाल्याने चेपलेलं नसून चर्चच्या भिंतीने चेपलं आहे, आणि तेव्हा गाडी तीच चालवत होती.

प्रोफेसर गप्प.

"बोल ना रे काहीतरी!" ऑर्नेल्ला रडवेली झाली.

वाक्य संपलं की नाही याची खात्री होईना, म्हणून ते आणखी थोडं थांबले. ऑर्नेल्लाने डॉक्टरांना फोन केला.

मासळीच्या दुकानात तर रांगेतला त्यांचा नंबर सहा जणींनी खाल्ला, कारण प्रत्येकीचं बोलणं संपायची ते वाट पाहत होते. कॉफीच्या दुकानात "काय देऊ, प्रोफेसर?" यावर त्यांनी सभ्यपणे एक श्वास थांबून मगच उत्तर दिलं, तर मालकाने त्यांना खुर्चीत बसवून कपाळाला ओला रुमाल लावला. संध्याकाळपर्यंत घरी सुपाची चार पातेली आली. बालेस्त्रांनी फादर कालिस्तोंना आणलं. ते शेवटच्या संस्काराचं तेल घेऊनच आले.

"फादर, तुम्ही तर वर्गात होता ना!" प्रोफेसर न राहवून ओरडले. "मी सराव करतोय!"

"होतो," फादर कालिस्तो म्हणाले. "पण सूप चांगलं आहे असं कळलं."

त्या गर्दीत व्हियोलाची आई आली. सेर्पिएरीबाई पडदे शिवून देतात. दुकानात, बँकेत, दवाखान्यात त्या दिसल्या की लोक लगेच बाजूला होतात, "या, या, तुम्ही आधी," आणि त्या वाटभर माफी मागत पुढे जातात. त्यांचं आयुष्यच असं रांगेच्या पुढे, मान खाली घालून गेलं होतं.

"तुम्ही आमच्यासाठी एवढे आजारी पडलात," त्या म्हणाल्या. "आमचा फार त्रास होतो सगळ्यांना. तो सोप्या वाटेचा कागद आला की मी लगेच सही करते. कुणाला त्रास नको."

"करू नका!" असं प्रोफेसरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरभर माणसं बघत होती, तोंडात थर्मामीटर होता, आणि सेर्पिएरीबाईंचं वाक्य संपलं आहे की पुढे काही आहे हे पाहण्यात एक क्षण गेला. तेवढ्यात त्या "माफ करा, माफ करा" म्हणत निघूनही गेल्या.

थर्मामीटर काढल्यावर प्रोफेसरांच्या लक्षात आलं की गप्प बसणं हे अर्धंच काम आहे. गप्प बसायच्या आधी माणसाला काहीतरी विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरी उघडली, नावांवरून बोट फिरवलं, वर्गाने नेहमीप्रमाणे माना खाली घातल्या आणि—

"सेर्पिएरी."

माना वर आल्या. कुणीतरी हसलं, मग थांबलं.

"सर, आज तिला—" कोंचेत्ता उठली.

"आले," व्हियोला म्हणाली. खुर्ची वळवून ती टेबलाशी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रोमन साम्राज्य दोन भागांत कुणी वाटलं, आणि का?"

 इथून पुढे ही गोष्ट सांगणाऱ्यानेही मध्ये येऊ नये हे बरं.

"ते..."

"...कॉन्..."

(मागच्या बाकावरच्या निकोलोचे ओठ "दिओ" असे झाले. प्रोफेसरांनी नुसतं पाहिलं. ओठ मिटले.)

"...कॉन्स्टंटाईनने..."

(दार उघडून दे सान्तिसबाई परिपत्रक घेऊन आत आल्या. बघितलं. तशाच पाठमोऱ्या बाहेर गेल्या. कोंचेत्ता हातांवर बसली होती आणि ओठ चावत होती.)

"...वाटलं... कारण... त्याच्या... दोन..."

"...बायकांचं..."

"...पटत... नव्हतं."

एवढ्या संयमाने वाट पाहून इतकं धडधडीत चुकीचं उत्तर त्या शाळेच्या भिंतींनी कधी ऐकलं नसेल. साम्राज्य वाटलं दिओक्लेशियनने, आणि बायकांचा त्यात काहीही संबंध नव्हता. सगळा वर्ग प्रोफेसरांकडे पाहत होता. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच विनंती: आठ द्या आणि सोडवा आम्हाला.

"चूक," प्रोफेसर म्हणाले. "अभ्यास केलाय का?"

"नाही."

"का?"

"तुम्ही... विचाराल... असं... वाटलं... नव्हतं."

 त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर अर्धं चूक. तिसरा रोमन मृत्युपत्रांविषयी होता, आणि त्यावर मात्र व्हियोला सुटली: वारस कोण, साक्षीदार किती, मुलीला काय मिळतं, नि खोटी सही केली तर काय. घंटा झाली. बाहेर मुलं धावली. आत एकही बाक हलला नाही, कारण मेलेल्या रोमनाचं घर कुणाला मिळालं हे कळल्याशिवाय कुणाला जायचं नव्हतं.

"पाच," प्रोफेसर म्हणाले. सहाला पास, आणि किंचित कमी पडलं तर 'सहा वजा' देऊन पुढे ढकलतात.

"सहा... वजा?"

"पाच."

"सहा... वजा... वजा?"

"पाच. पुढच्या वेळी अभ्यास कर."

यावर व्हियोलाने एक शब्द उच्चारला, सावकाश आणि संपूर्ण. तो इथे देता येत नाही. पण कोंचेत्ताने तो तिच्यासाठी पुरा केला नाही, याची नोंद व्हायला हवी.

पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ही बातमी अतिशय समंजसपणे—

निकोलोची आई: खरं का हे? व्हियोलाला पाच??

जुलियाचे बाबा: राक्षस आहे हा माणूस

निकोलोची आई: आजारी होता म्हणे. डोक्यात गेलं असेल

जुलियाची आई: आम्ही सूप पाठवलं होतं या माणसाला

जुलियाचे बाबा: पातेलं परत आणा

निकोलोची आई: पण निकोलो म्हणतो तिने रोमन मृत्युपत्राबद्दल भारी सांगितलं. घरी येऊन विचारत होता आजोबांनी केलंय का

निकोलोचे आजोबा: मी अजून या गटात आहे

बालेस्त्रा (यांचं कुणीच शाळेत नाही; गटात कसे आले ठाऊक नाही): डुक्कर मी सुचवलं होतं. पाच मी सुचवले नाहीत. नोंद असावी.

दे सान्तिसबाईंनी प्रोफेसरांना केबिनमध्ये बोलावलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या—

"ते पाच काढून टाका."

"का?"

"अहो, कारण ती..."

प्रोफेसर वाट पाहत राहिले. योलांदाबाईही तिथेच होत्या. त्याही वाट पाहत राहिल्या. दे सान्तिसबाईंचं वाक्य मधोमध लोंबकळत राहिलं. ते संपवायला कुणी पुढे आलं नाही, आणि एकटीने संपवायची त्यांची हिंमत झाली नाही.

"माझ्या वर्गात आणखी नऊ जणांना पाच आहेत," प्रोफेसर म्हणाले. "त्यांना कुणी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र देत नाही."

"बरं," दे सान्तिसबाई ताठ झाल्या. "मग आता तर सोपी वाटच योग्य. पाच पडले, म्हणजे झेपत नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत." त्यांनी कागद पुढे सरकवला. "उद्या पालकभेट आहे. आईची सही तुम्ही घ्या. पाच तुम्ही दिलेत ना?"

कागद घेऊन प्रोफेसर घरी आले. ऑर्नेल्लाने थंड पास्ता वाढला. "फुल्वियो, साडेपाच देता आले असते रे," एवढंच म्हणाली. त्यांनी पुढे काय म्हणते त्याची वाट पाहिली. पुढे काही नव्हतं. जन्मात त्यांना इतकं मूर्ख वाटलं नव्हतं. गावभर शत्रू केले, बोर्दोनींनी सगळ्या शिक्षकांना ट्रॅक्टर सुरक्षितपणे चालवण्याची प्रमाणपत्रं पाठवली, आणि ज्या पोरीसाठी हे सगळं केलं तिच्या पायाखालची वाट आता तेच काढून घेणार होते. उद्या ती बाई माफी मागत येणार, माफी मागत सही करणार आणि माफी मागत जाणार.

सेर्पिएरीबाई पालकभेटीला आल्या.

त्या आल्या तेव्हा वर्गाबाहेर आयांची रांग लागलेली होती. त्यांना पाहून बायका सवयीने बाजूला झाल्या. "या, या, तुम्ही आधी."

सेर्पिएरीबाई आधी गेल्या, पण या वेळी माफी न मागता. ठसठशीत कर्णफुलं घातली होती. सरळ आत येऊन प्रोफेसरांच्या समोरची खुर्ची त्यांनी अशी ओढली की फरशी किंचाळली.

"पाच?" त्या म्हणाल्या.

"बाई, मी तुम्हाला सांगतो—"

"माझ्या मुलीला पाच? शिवणयंत्र बंद ठेवून मी तिला रोमन राजे पाठ करवतेय काल दुपारपासून. ती रडली. मग चिडली. मग म्हणाली, आई, पुस्तक आण. पंधरा वर्षांत कुणी मला तिची तक्रार सांगितली नाही हो, एकाने नाही! सगळे म्हणतात, किती गोड आहे. गोड! काय करू मी त्या गोडाचं? आणि तुम्ही, तुम्ही तिला सरळ पाच देता? त्या कोपऱ्यावरच्या मवाली निकोलोला किती दिलेत?"

"पाच," प्रोफेसर म्हणाले.

"आणि माझी त्याच्या बरोबरीची? शोभतं का हे? पुन्हा विचारा तिला. सोमवारी विचारा. सात घेतले नाहीत तर माझं नाव बदला!"

प्रोफेसरांनी, दे सान्तिसबाई दारातून पाहत होत्या म्हणून, सोप्या वाटेचा कागद नाइलाजाने थोडा पुढे सरकवला. सेर्पिएरीबाईंनी तो पाहिला. मग हातातली जाडजूड पर्स, किल्ल्या, टाचण्या, मोजपट्टी सगळ्यासकट, त्यांनी त्याच्यावर धाडकन ठेवली आणि दोन्ही कोपर टेबलावर रोवले.

"आता सोमवारचं बोला," त्या म्हणाल्या. "किती वाजता विचारणार, काय विचारणार, आणि तिने उत्तर द्यायला घेतलं की कोण कोण तोंड बंद ठेवणार—"

बाहेर रांग वाढली होती. जुलियाची आई घड्याळ पाहत होती. शेवटी तिचा धीर सुटला, आणि रोक्कापियानात आजवर कुणी सेर्पिएरीबाईंशी बोललं नव्हतं तशी ती दारातून खणखणीत आवाजात ओरडली:

"अहो बाई, आटपा की लवकर! आमच्याही पोरीला पाचच पडलेत!"

सेर्पिएरीबाई खुर्चीत पूर्ण वळल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि इतकी वर्षं ओळखत असूनही त्या अशा दिसतात हे प्रोफेसरांना ठाऊक नव्हतं.

"थांबा रांगेत!" त्या म्हणाल्या. "माझं वाक्य संपलेलं नाही."